सासूबाईंचं हसू आणि नकाशाची इस्त्री

माणसाचं हसू मावळतं, विरतं, फार तर ओठांवरच थिजतं, असं आपण ऐकून असतो. या गोष्टीतल्या सासूबाईंचं हसू काचेला चिकटलं. बाकीच्या सासूबाई फोटोतच राहिल्या.

झालं असं, की सासूबाईंच्या थोरल्या मुलाच्या, म्हणजे जावयाच्या मेहुण्याच्या, बैठकीच्या खोलीत ज्या भिंतीवर सासूबाईंचा फोटो गेली बारा वर्षं टांगलेला होता, त्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर होतं. तिथला नळ आतल्या आत गळत होता आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण नळ दुरुस्त करायचा म्हणजे भिंत फोडायची, भिंत फोडायची म्हणजे फरश्या जाणार, आणि फरश्या गेल्या की मेहुण्याने स्वतः निवडलेला तो शेवाळी रंग पुन्हा बाजारात मिळणार नाही, अशा दूरदृष्टीने तो नळ गळू दिला होता. ओल फ्रेममध्ये शिरली. फोटोचा खालचा भाग काचेला चिकटला. मेहुण्याने तो हळूच सोडवायचा सोडून, घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडावं तसा, दात-ओठ खाऊन ओढला. कपाळ, डोळे, नाक, मागच्या दाराची चौकट, सगळं कागदाबरोबर सुखरूप बाहेर आलं. तोंडाच्या जागी पांढरा कागद राहिला आणि तोंड काचेवर.

"काच धुऊन टाकतो," मेहुणा म्हणाला.

"आण इकडे. तिचं काय करायचं ते मी बघते," सासूबाई म्हणाल्या आणि काच घेऊन आतल्या खोलीत गेल्या. पुढे त्या काचेचं काय झालं हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. फेकली असेल, असं सगळे धरून चालले.

मग जावयाला फोन आला. सासूबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर म्हणून आयुष्य काढलं होतं. लांबलेला कॉल म्हणजे गुन्हा, ही त्यांची श्रद्धा निवृत्तीनंतरही ढळलेली नव्हती.

"जावईबापू, रविवारी मला ऐंशी पूर्ण होतायत. फोटो खराब झालाय. तोच नवा करून आणा, मोठा. मी गेल्यावर तोच लावायचाय. नंतर तुम्ही लोक घाईघाईत काहीतरी लावाल." फोन बंद.

आता यात घाबरण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. फोटो जावयानेच काढलेला, मूळ फाइल त्याच्या कपाटातल्या सीडीवर जपून ठेवलेली. पण फोन ठेवता ठेवता जावई घाबरला. कारण सासूबाई त्या फोटोत हसत होत्या आणि मूळ फाइलमध्ये हसत नव्हत्या.

या माणसाला आपण जावईच म्हणू. ऑफिसात तो नकाशा विभागात वरिष्ठ आरेखक होता, घरी दोन मुलांचा बाप होता, सोसायटीच्या पाणी समितीचा माजी सदस्य होता. पण सासुरवाडीत त्याची जी काही पत होती ती त्या एका फोटोवर उभी होती. सासूबाई कधी हसत नसत. रागीट होत्या असंही नाही. हसणं ही गोष्ट त्यांनी आयुष्यात मागवलीच नव्हती. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत त्या साक्षीला उभ्या राहिल्यासारख्या दिसत. पहिलं नातवंड झालं तेव्हा त्यांनी बाळाकडे बघून "वजन?" एवढंच विचारलं होतं. अशा बाईचा हसरा फोटो जावयाने काढला, म्हणून घरात एकच खळबळ उडाली. "आई हसली! कशी हो? काय सांगितलंत तिला?" सगळे विचारायला लागले. जावयाने नुसती मान तिरकी केली आणि म्हणाला, "असू दे. आमच्या दोघांतलं आहे ते."

त्या एका वाक्याने तो बारा वर्षं जगला. त्याला हात असलेली खुर्ची मिळू लागली. चहा दुसऱ्यांदा विचारला जाऊ लागला. त्याने आईला असा काही विनोद सांगितला की ती हसली, ही कथा सोयऱ्याधायऱ्यांत पसरली. मेहुण्याची बायको, म्हणजे थोरल्या वहिनी, तेवढ्या त्याच्याशी तेव्हापासून जरा अंतर राखून वागायच्या. तो आला की दोन्ही मुलींना "आत जाऊन अभ्यास करा गं," म्हणून पिटाळायच्या. जावई याला आदर समजत असे.

खरी हकिकत अशी. नकाशा विभागात जुने कागदी नकाशे यायचे, ओल लागून आक्रसलेले, घड्यांवर मोडलेले. ते स्कॅन करायचे आणि एका सॉफ्टवेअरमध्ये ताणून सरळ करायचे. नकाशावर खुंट्या ठोकायच्या, प्रत्येक खुंटी तिच्या खऱ्या जागी ओढायची, की मधला सगळा प्रदेश रबरासारखा ताणून जागेवर बसायचा. ऑफिसात त्या सॉफ्टवेअरला इस्त्री म्हणत. बारा वर्षांपूर्वी सासूबाईंचा फोटो काढून आणल्यावर जावयाच्या लक्षात आलं, की मागच्या दाराची चौकट तिरकी आलीय. दुसरा कुणी असता तर त्याने सोडून दिलं असतं. पण ज्याचं पोट रेषा सरळ करण्यावर चालतं त्याला तिरकी चौकट घासातल्या खड्यासारखी लागते. जेवणाच्या सुट्टीत त्याने फोटो इस्त्रीत घातला, चौकटीवर खुंट्या ठोकल्या आणि ओढल्या. चौकट ओळंब्यात आली आणि तिच्याबरोबर सासूबाईंच्या ओठांची दोन्ही टोकं अलगद वर गेली. त्याने चौकट सरळ केली आणि सासूबाई हसल्या. त्याने हे मुद्दाम केलं नव्हतं. फक्त नंतर खरं सांगितलं नव्हतं.

तेव्हा आता रविवारच्या आत एक तर ती इस्त्री पुन्हा मिळवायची, नाहीतर तिच्या तोडीचं काहीतरी नवं शोधायचं, नाहीतर हात नसलेल्या खुर्चीत परत जायचं, असा प्रश्न होता.

सीडी सापडली. ती लावायला जागा असलेला संगणक सापडायला जास्त वेळ गेला, कारण नव्या संगणकांना आता सीडी चालत नाही. शेवटी बायकोने माळ्यावरचा जुना संगणक उतरवला आणि तो सुरू करता करता घरातले दिवे दोनदा गेले. सीडीवर दोन फाइली होत्या. एक मूळ फोटो, त्यात सासूबाई तिरक्या चौकटीपुढे तोंड मिटून बसलेल्या. दुसरी इस्त्रीची फाइल, जी इस्त्रीखेरीज जगात कुणालाच उघडत नव्हती. छापायला दिलेली प्रत फोटो स्टुडिओत होती, आणि स्टुडिओच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकत होते.

"अहो, खरं सांगून टाका ना आईला," बायको म्हणाली. हे गुपित माहीत असलेली ती एकटीच. "ती काय खाणार आहे तुम्हाला?"

"खाणार नाही. ती 'अस्सं' म्हणेल," जावई म्हणाला.

बायकोने सीडी परत डबीत घातली. सासूबाईंचं 'अस्सं' तिने लहानपणापासून ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी जावई ऑफिसातल्या संगणक कक्षप्रमुखाकडे गेला. हा गृहस्थ कुठल्याही प्रश्नाला प्रथम उसासा टाकून उत्तर देत असे.

"ते सॉफ्टवेअर? ती कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली. त्या कंपनीला तिसरीने गिळलं. तिसरीने ते बंद केलं. आता आधुनिक पर्याय आहेत."

"चांगला कुठला?"

"ते तुमच्या गरजेवर आहे. काय करायचंय?"

"जुना एक... नकाशा आहे. त्यात एका ठिकाणी दोन टोकं जराशी वर घ्यायचीत."

"प्रदेश कसा आहे?"

"डोंगराळ," जावई म्हणाला.

कक्षप्रमुखाने नवं सॉफ्टवेअर लावून दिलं. ते इतकं आधुनिक होतं की त्यात खुंटी कुठे ठोकायची हे शोधण्यात सकाळ गेली. जेवणाच्या सुट्टीत, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, जावयाने त्यात सासूबाई घातल्या. सॉफ्टवेअरने विचारलं, ही प्रतिमा पृथ्वीवर नेमकी कुठे आहे? जुनी इस्त्री असले भोचक प्रश्न विचारत नसे. जावयाने थोरल्या मेहुण्याचा पत्ता देऊन पाहिला. तो चालला नाही. मग 'माहीत नाही' असा पर्याय दिसला, तो त्याने दाबला. सासूबाई पडद्यावरून नाहीशा झाल्या. त्याने नकाशा लहान केला, आणखी लहान केला, तेव्हा दिसलं, की एका महासागराच्या मधोमध, चहूबाजूंनी निळं पाणी आणि मध्ये एकट्या सासूबाई, तोंड मिटून. ज्याचा ठावठिकाणा कळत नाही त्याला हे सॉफ्टवेअर तिथे नेऊन ठेवतं, हे पुढे कक्षप्रमुखाने सांगितलं. त्याने आणखी एक गोष्ट तेव्हाच सांगितली, जी आधी सांगायला हवी होती: नव्या पद्धतीत सगळ्या ऑफिसचा नकाशा एकच असतो आणि केलेलं काम आपोआप सगळ्यांना दिसतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सागरी विभागातून पत्र आलं. 'आपल्या विभागाकडून एक नवे बेट दर्शविण्यात आले असून त्याबाबत या कार्यालयास पूर्वकल्पना देण्यात आलेली नाही. तरी सदर बेटाचे नाव, क्षेत्रफळ व त्यावर वस्ती आहे किंवा कसे, हे तात्काळ कळवावे.' सोबत बेटाचं रंगीत चित्र जोडलेलं होतं. विभागप्रमुखांनी चष्मा वर सरकवून चित्र जवळून पाहिलं. "हे बेट तुमच्याकडे बघतंय," ते म्हणाले. पंचवीस वर्षं सरळ रेषा काढलेल्या माणसाला त्यांनी लेखी खुलासा द्यायला सांगितलं. जावयाने 'तांत्रिक कारणास्तव' हा शब्दप्रयोग त्या खुलाशात चार वेळा वापरला.

नवं फसलं म्हणताना त्याला जुन्याची आठवण झाली. ज्या संगणकावर इस्त्री चालायची तो भांडारात पडलेला असणार. भांडारपाल एका लोखंडी टेबलामागे बसून सफरचंद सोलत होता.

"तो संगणक? तो नाही."

"अहो, तो काय, तुमच्या मागेच आहे. तुम्ही त्याच्यावर डबा ठेवलाय."

भांडारपालाने मागे वळून पाहिलंही नाही. "तो भंगारात काढलेला आहे. कागदोपत्री तो अस्तित्वात नाही. जी वस्तू अस्तित्वात नाही ती मी तुम्हाला सुरू करायला कशी देऊ?"

"मग अस्तित्वात नसलेल्या वस्तूवर डबा कसा ठेवता येतो?"

हा प्रश्न विचारायला नको होता. भांडारपालाने सालीसकट सुरी बाजूला ठेवली आणि अर्ज करायला सांगितलं. अर्ज कुणाकडे करायचा, तर जो साहेब अशा वस्तूंबद्दल निर्णय घेतो त्याच्याकडे. आणि तो साहेब कोण हे ठरवायची फाइल वर गेलेली होती. जाता जाता त्याने दिलासा दिला, की संगणक मिळाला असता तरी उपयोग नव्हता. इस्त्री चालू व्हायला मागे एक छोटी किल्ली खोचावी लागायची. ती मौल्यवान म्हणून कुलूपबंद कपाटात ठेवली होती, आणि त्या कपाटाची चावी बदली होऊन गेलेल्या साहेबाबरोबर गेली होती. जावई रिकाम्या हाताने जागेवर परतला, आणि संध्याकाळपर्यंत त्याला दोघांनी 'बेटवाले' म्हणून हाक मारली.

घरी आला तर समोरच्या दारातले अनुभवीकाका वाट बघत उभे. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते आणि प्रत्येक वाक्य "माझ्या अनुभवाप्रमाणे" असं सुरू करत, म्हणून अख्खा जिना त्यांना अनुभवीकाका म्हणत असे. बायकोने त्यांना 'एक फोटो नीट करायचाय' एवढंच सांगितलं होतं. त्यांना एवढं पुष्कळ होतं.

"माझ्या अनुभवाप्रमाणे," ते आत येऊन बसत म्हणाले, "हल्ली सॉफ्टवेअरबिफ्टवेअर काही लागत नाही. फोनमध्ये अॅप घ्यायचं. माणसाला हसवतं, रडवतं, तरुण करतं. आण तुझा फोन."

जावयाने फोन दिला. इथे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बुडणारा माणूस काडीची कंपनी विचारत नाही. पहिल्या अॅपने सासूबाईंकडे क्षणभर पाहिलं आणि 'कृपया माणसाचा चेहरा असलेला फोटो निवडा' असं सांगितलं. दुसऱ्याने चेहरा ओळखला, पण तो पारपत्रासाठी उत्तम आहे, यात काही बदलू नका, असा सल्ला दिला. तिसऱ्यात 'आनंदी' नावाचं बटण होतं. अनुभवीकाकांनी ते दाबलं आणि सासूबाईंच्या तोंडात बत्तीस दात आले. सगळे सारखे, सगळे पांढरे, आणि सासूबाईंच्या स्वतःच्या मालकीचे त्यांतले फार तर सहा. डोळे तेच राहिले, धाक घालणारे. खाली दात, वर धाक.

"जरा कमी करा," जावई कळवळून म्हणाला.

काकांनी कमी केलं. दात गेले, पण त्यांच्याबरोबर चाळीस वर्षंही गेली. सासूबाई बायकोपेक्षा लहान दिसायला लागल्या. बायको दुसऱ्या खोलीत निघून गेली. आणखी एकदा दाबल्यावर सासूबाईंना गालावर खळी, लांब पापण्या आणि कानामागे एक फूल आलं.

"हे नको. सगळं पुसून टाका."

"पुसायचं कशाला? माझ्या अनुभवाप्रमाणे आधी जपून ठेवावं, मग पसंती करावी," असं म्हणून काकांनी हिरवं बटण दाबलं. ते जपून ठेवायचं बटण नव्हतं. तिन्ही फोटो सासरच्या मंडळींच्या ग्रुपवर गेले. ग्रुपचं नाव 'आपली माणसं' असं होतं आणि त्यात एकतीस माणसं होती.

आधी कुणीतरी विचारलं, 'ही कोण?' मग एका आत्याने, दृष्टी अधू असल्यामुळे, 'खूप छान, सुखी राहा' असं लिहिलं. मग मेहुण्याचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "आईने बोलावलंय. उद्या. फोन घेऊन या."

शनिवारी जावई गेला तेव्हा घरातले सगळे बैठकीच्या खोलीत जमलेले होते. भिंतीवर फोटोच्या जागी ओलीचा चौकोन होता. मेहुणा त्या चौकोनाकडे तोंड करून बसला होता, बहुधा सवयीने. हात असलेली खुर्ची रिकामी होती, पण तिच्यात बसा असं कुणी म्हटलं नाही. जावई स्टुलावर बसला.

"दाखवा," सासूबाई म्हणाल्या.

त्याने फोन पुढे केला. सासूबाईंनी चष्मा लावून स्वतःचे बत्तीस दात पाहिले. मग तरुण सासूबाई पाहिल्या. मग फूल पाहिलं. फोन मागे घेताना जावयाचा अंगठा पडद्याला लागला आणि फोटो पुढे सरकून सागरी विभागाचं पत्र आलं. ते त्याने खुलाशासाठी फोनमध्ये काढून ठेवलं होतं. सासूबाईंनी तेही वाचलं. एक्स्चेंजमधली सवय, समोर आलेला कागद पूर्ण वाचायचा.

"'त्यावर वस्ती आहे किंवा कसे,'" त्या मोठ्याने म्हणाल्या. मग त्यांनी चित्रातल्या बेटाकडे पाहिलं. मग त्यांच्या पोटातून एक आवाज आला. मेहुण्याला वाटलं आईला काहीतरी होतंय, तो पाणी आणायला उठला. पण सासूबाई हसत होत्या. डोळे मिटून, मान मागे टाकून, उरलेले सहाही दात उघडे टाकून, मांडीवर थापा मारत हसत होत्या. मुली भिंतीला टेकल्या. बायकोने मात्र प्रसंगावधान राखून आपल्या फोनवर पटकन फोटो काढला.

सासूबाईंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि कपडे ठीकठाक केले. मग सगळ्यांनी तो फोटो पाहिला. खरा, धडधडीत, ऐंशी वर्षांतला बहुधा पहिला.

"ही आई नाही वाटत," मेहुणा म्हणाला.

"अंगात आल्यासारखं दिसतंय," थोरल्या वहिनी कुजबुजल्या.

सासूबाईंनी स्वतः बराच वेळ निरखून पाहिलं. "फोन बिघडलाय," त्यांनी निकाल दिला. "माझं हसू असं नाही. भिंतीवर होतं ते माझं."

बायकोने फोन खाली ठेवला. एवढं सगळं होऊन जावई पुन्हा जिथल्या तिथे आला होता. आणि मग मेहुण्याला, ज्याला एरवी कधी काही सुचत नाही, एक गोष्ट सुचली.

"अरे, पण सोपं आहे की! जावईबापू, त्या दिवशी जो विनोद सांगितलात तोच परत सांगा. आई हसेल, मी फोटो काढतो."

सगळ्यांची तोंडं जावयाकडे वळली. बारा वर्षं ज्याची नुसती कीर्ती ऐकली तो विनोद आज समक्ष ऐकायला मिळणार म्हणून माणसं खुर्च्या पुढे ओढून बसली. जावयाने स्टूल मागे सरकवलं. त्याला एकही विनोद येत नव्हता. कधीच येत नव्हता.

"एक माणूस असतो," त्याने सुरुवात केली.

"हं."

"तो... बँकेत जातो."

"मग?"

"मग... तिथे रांग असते."

कुणी हसलं नाही. रांग आहे हे सगळ्यांना पटलं आणि सगळे पुढची वाट बघत राहिले. जावयाने बायकोकडे पाहिलं. ती चप्पल कुठे काढली ते शोधत होती. आता खरं सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं, असं म्हणून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई उठल्या.

"पुरे. तो इथे सांगायचा नाही. मुली बसल्यात. जावईबापू, आत या."

आतल्या खोलीत सासूबाईंनी दार लोटलं. कपाट उघडलं, कपड्यांच्या घडीतून एक पंचा काढला आणि त्यात गुंडाळलेली काच बाहेर काढली. काचेवर, जिथल्या तिथे, त्यांचं हसू होतं.

"फेकली नाहीत?" जावई म्हणाला.

"फेकायला काय झालं? बसा. आणि ते विनोद सांगायचं बंद करा, तुम्हाला जमत नाही. त्या दिवशी तुम्ही एवढंच म्हणाला होतात, 'जरा डावीकडे सरका.' मी सरकले. माझी दाढ दुखत होती. मी कुठली हसतेय?"

जावई पलंगाच्या कडेवर बसला. "म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"माझं तोंड आहे. मला कळणार नाही?" सासूबाईंनी काचेवरची धूळ पंचाने पुसली, हसू सोडून बाकीच्या जागेवरची. "मी त्याच दिवशी सांगणार होते. पण तो फोटो लावला आणि थोरला माझ्याशी बोलायला लागला. आधी तो दाराकडे बघून बोलायचा, कधी सुटतोय असं. मग फोटोकडे बघून बोलायला लागला. ऑफिसातलं, पोरींचं, सगळं सांगतो हो. बोलतो फोटोशी, पण ऐकते मीच ना? मला नाही जमत हसायला. कॉलवर हसलं की कॉल लांबतो, ही तीस वर्षांची सवय. म्हटलं, राहू दे, भिंत हसतेय तर हसू दे."

या बाईने आपल्यासाठी बारा वर्षं खोटं निभावलं, याने जावयाला इतकं भरून आलं की त्याने त्यांच्या पायाकडे हात नेला. सासूबाईंनी पाय मागे घेतले.

"ते राहू द्या. सगळे मला विचारायचे, कुठला विनोद होता म्हणून. मला तरी कुठे येतायत विनोद? मी आपली सांगत आले, चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता."

जावई ताठ झाला. "असं सांगितलंत? सगळ्यांना?"

"मग काय सांगायचं होतं? 'डावीकडे सरका'?"

थोरल्या वहिनींचं बारा वर्षांचं अंतर, दर वेळी आत पिटाळल्या गेलेल्या मुली, आणि लग्नकार्यात त्याच्या शेजारी बसल्यावर पर्स मांडीवर घट्ट धरणाऱ्या त्या आत्या, सगळं जावयाच्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेलं. आपण ज्याला आदर समजत होतो तो काय होता हे त्याला आज समजलं, आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

पुढचं काम मात्र त्याच्या धंद्यातलं होतं. संगणक यायच्या आधी नकाशे जुळवायचे तर एकावर एक ठेवून मागून उजेड देत. ओला झालेला जुना कागद मेहुण्याने केव्हाच रद्दीत टाकला होता, म्हणून जावयाने मूळ फोटो जुन्या फोटोच्याच मापात छापून आणला, खिडकीच्या तावदानाला चिकटवला आणि त्यावर ती काच धरली. जरा डावीकडे, जरा वर. मिटल्या तोंडावर हसू येऊन बसलं. डाव्या गालापाशी एक बारीक रेघ राहिली, पण ऐंशीव्या वर्षी एक सुरकुती जास्त झाली तर कोण मोजायला जातं? काच आणि कागद तसेच घट्ट बांधून त्याने स्कॅन केले आणि मोठे छापून घेतले. अॅपला जे सुचलं नाही, नव्या सॉफ्टवेअरने ज्याच्यासाठी सासूबाई समुद्रात सोडल्या, ते एका तावदानाने केलं. अनुभवीकाका जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "बघ, मी म्हटलंच होतं, सॉफ्टवेअर लागत नाही."

रविवारी फोटो लागला, या वेळी कोरड्या भिंतीवर. सगळी मंडळी खाली उभी राहून बघत होती. "आली! हीच आई!" मेहुणा म्हणाला, आणि फोटोकडे बघत बघत त्याने आईला नळाबद्दल काहीतरी सांगायला सुरुवातही केली. सासूबाई शेजारी बसून, तोंड मिटून, ऐकत होत्या.

मग त्या उठल्या, फोटोजवळ गेल्या आणि चष्म्याच्या खालून, मग वरून बघितलं.

"बरा आलाय," त्या म्हणाल्या. "मागची चौकट तेवढी तिरकी आलीय."

ती आलीच होती. मूळ फोटोतली चौकट तशीच तिरकी राहिली होती, आणि जावयाच्या डोळ्यांत ती आता आयुष्यभर खुपणार होती. चौकट सरळ करायला गेलं तर हसू कुठे जाईल याचा नेम नव्हता. त्याने हात मागे बांधले.

"पण आई," एक पाहुणी न राहवून म्हणाली, "तो विनोद नक्की होता तरी काय?"

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. "चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता, म्हटलं ना."

थोरल्या वहिनींनी मुलींना पाणी आणायला आत पाठवलं. आणि जावई, बारा वर्षांत पहिल्यांदाच सगळं समजून उमजून, हात असलेल्या खुर्चीत जाऊन बसला.